"काही नाही, ताई"

"पोरांना सकस खायला घालायची ऐपतच नाही, ताई." यंदा समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणींच्या तोंडून हे ऐकलं की एकीची गोष्ट लिहावीशी वाटली. अर्थात ओळख बदलून.

चार घरची धुणीभांडी करणारी आई. नवऱ्याचं काम सुटलेलं, सात वर्षांचा मुलगा अंगाने किरकोळ. पहिल्याच भेटीत मी पनीर, सुका मेवा, रोज एक फळ असं कागदावर लिहून दिलं. तीन आठवडे ती फिरकली नाही. चूक माझी.

परत आली तेव्हा एवढंच विचारलं, "काल जेवायला काय होतं?"

"काही नाही, ताई. भाकरी, मटकीची उसळ."

"अजून?"

"दारातल्या शेवग्याच्या पाल्याची भाजी. दाण्याची चटणी."

तिचं 'काही नाही' मी तिलाच सावकाश वाचून दाखवलं. ती हसली. मग हळूच म्हणाली, "पण शेजारचा पोरगा डब्यातली पावडर पितो."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. टंचाई खरीच असते, ती समुपदेशनाने जात नाही. पण माणसाला आतून खचवतो तो 'च'. पावडर हवीच, सफरचंद हवंच. तो 'च' काढून आम्ही हिशेब मांडला. पावडरीच्या पैशांत महिन्याला तीसेक अंडी बसली. शंभर ग्रॅम दाण्यांत पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं. नाचणीत वजनाला वजन दुधाच्या जवळपास तिप्पट कॅल्शियम, म्हणून सकाळी बिस्किटाऐवजी आंबील. उसळीवर लिंबू पिळायचं आणि जेवणाला लागून चहा टाळायचा, म्हणजे लोह अंगी लागतं. बाकी सगळं ती करतच होती.

उठता उठता मी सहज विचारलं, "तुमच्या ताटात काय होतं?"

"माझ्या? भाकरी आणि चहा. उसळ संपली होती."

इतके दिवस आम्ही मुलाच्या वजनाबद्दल बोलत होतो आणि चक्कर येत होती आईला! माझ्या कागदात तिच्यासाठी ओळच नव्हती. शेवटी उरेल ते खाणं तिच्या हिशेबात खाण्यातच जमा नव्हतं. मी एकच काम दिलं: वाढायला घेण्याआधी स्वतःची एक वाटी उसळ झाकून ठेवायची.

पुढच्या वेळी विचारलं, "सासूबाई काही बोलल्या?"

"बोलल्या ना. म्हणाल्या, माझीपण काढून ठेव."