कुठल्या खुणा खोडल्या?

"मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत. दोन महिने पोट दुखतंय. तीनदा डॉक्टरांकडे नेलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. आता त्यांनी त्याच्या वागण्याबद्दल ३५ प्रश्नांचा कागद दिला. आम्ही पोटासाठी गेलो होतो! दुपारी पेन्सिलीने भरला, रात्री ह्यांनी आणि मी मुलाच्या कंपासमधला खोडरबर घेऊन चार-पाच खुणा सारख्या केल्या. डॉक्टर म्हणाले, ठीक दिसतंय. पण राग जात नाही. पोराला वेडा ठरवायचं होतं का?
– एक आई, भांडुप"

ताई, रागाचं नंतर बघू. खुणा कुठल्या खोडल्या?

भाजी निवडताना किडका देठ पदराआड सारावा, तसं ते वाक्य तुम्ही उरकलंत. दुपारी घरात एकट्या होतात, तेव्हा जे दिसतं तेच लिहिलंत. रात्री दोघांनी मिळून पोरगाच 'सारखा' केलात.

तो कागद बहुधा बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये तयार झालेली पेडियाट्रिक सिम्प्टम चेकलिस्ट. 'कधीच नाही'ला शून्य, 'कधीकधी'ला १, 'बऱ्याचदा'ला २. तुमच्या मुलाच्या वयाला बेरीज २८ किंवा जास्त भरली, तर डॉक्टर पुढची चौकशी करतात. एवढंच. वेडाबिडाचा शिक्का त्यात कुठेही नाही. त्यात दुखण्याखुपण्याच्या तक्रारीचा प्रश्न आहे, झोपेचा आहे. आणि हाही आहे: डॉक्टरांकडे नेतो, पण त्यांना काही सापडत नाही, असं होतं का? अहो, तीनदा, वर सोनोग्राफी! हे उत्तर मी न विचारताच तुम्ही लिहून पाठवलंत. डॉक्टरांच्या कागदावर तिथेही खोडरबर फिरला का?

यजमानांना शाळेची भीती असेल. शाळेत तो कागद नेणार कोण, तुम्हीच ना? मग नेऊ नका.

उद्या त्याच दवाखान्यात जा. कोरा कागद मागा आणि तिथल्याच बाकावर बसून पेनाने भरा. देताना स्पष्ट सांगा, "आधीचा आम्ही बदलला होता." डॉक्टर रागावले तर रागावू देत, तुमच्याइतकं कुणी लपवलेलं नाही. पुढे पाठवलं तर सायन, केईएम, नायर ही पालिकेचीच रुग्णालयं आहेत, तिथे मानसोपचाराची ओपीडी चालते. मध्येच धीर सुटला तर १४४१६ लावा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि एक विचारायचं राहिलं. खोडरबरासाठी त्याची कंपासपेटी उघडलीत, तेव्हा तो खरंच झोपला होता का?