माहितीपट म्हणजे शाळेचा तास नव्हे

प्रश्न : वेगळे चित्रपट, माहितीपट बघायची इच्छा खूप आहे. पण माहितीपट लावला की शाळेच्या तासाला बसल्यासारखं वाटतं आणि पुरस्कार मिळालेले चित्रपट इतके संथ, की मध्यंतरापर्यंत डोळा लागतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर : डोळा लागला तर लागू द्या, चित्रपट रुसत नाही. आधी ‘हनीलँड’ (2019) बघा. उत्तर मॅसिडोनियातल्या ओस पडलेल्या गावात हातिजे नावाची बाई म्हाताऱ्या आईला सांभाळते आणि मध काढते. अर्धा आपल्याला, अर्धा माश्यांना, हा तिचा नेम. मग शेजारी एक मोठं बिऱ्हाड येतं, त्यांनाही मधाचा धंदा करायचा असतो. पुढचं सांगत नाही. निवेदक नाही, मुलाखती नाहीत, त्यामुळे तासाची धास्ती नको. चित्रीकरण तीन वर्षं चाललं, चारशे तासांहून जास्त. हाती उरला दीड तासाचा चित्रपट. गंमत म्हणजे मायलेकींची तुर्की बोली दिग्दर्शकांना येत नव्हती, म्हणून संकलन आधी नुसत्या दृश्यांवर केलं. एखादं सबटायटल सुटलं तरी तुमचं काही अडत नाही, ते त्यामुळेच.

फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दाचा ‘द ग्लीनर्स अँड आय’ (2000) हा माहितीपट माझा लाडका. शेतातला सरवा वेचणारे, बाजार उठल्यावर टाकलेली भाजी गोळा करणारे, अशांच्या मागे सत्तरी ओलांडलेली ही बाई छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन हिंडते. एकदा कॅमेरा बंद करायचा राहून जातो आणि लोंबकळणारं लेन्सचं झाकणच चित्रित होतं. दुसऱ्या कुणी ते कापून टाकलं असतं. हिने त्याला संगीत दिलं!

राहिला संथपणा. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (2014) संथ आहेच. गाणं ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप असलेल्या वृद्ध शाहिरावर खटला चालतो. पण कामकाज संपलं तरी कॅमेरा थांबतो कुठे? तो सरकारी वकीलबाईंबरोबर लोकलने घरी जातो, त्यांचा स्वयंपाक बघतो. या बाईंचा रागही धड करता येत नाही, आणि त्यानेच जास्त अस्वस्थ व्हायला होतं. इथे घाई केली असती तर हे हाती लागलं नसतं.

तिन्ही एका रविवारात उरकू नका. आणि ‘कोर्ट’ एकट्याने बघू नका; नंतर वाद घालायला कुणीतरी लागतंच.