नॅनोतंतूंच्या पट्टीतून औषध हळूहळू कसं सुटतं? पॉलिमर अंगात साचत नाही का?

खानापूरहून प्रश्न आलाय, वडिलांच्या शुगरच्या जखमेमुळे. मी बेळगावात वडगावच्या मागांच्या खडखडाटात वाढलो आणि पुढे फार्मसी शिकलो, म्हणून सुतापासूनच सांगतो.

पॉलिमर (प्लास्टिकसारखा लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ) आणि औषध एकाच द्रावणात विरघळवून सुईतून सोडतात आणि सुईला साधारण 10 ते 25 किलोव्होल्टचा दाब देतात. द्रावणाची धार ताणली जाते, वाटेतच वाळते आणि केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक तंतू समोरच्या पत्र्यावर जमतात. विणकाम नाहीच, नुसता गुंता. पण हवा आणि ओल खेळती ठेवणारा.

पॉलिमर साचण्याची भीती रास्त आहे, म्हणून निवड महत्त्वाची. पीएलजीए नावाचा पॉलिमर पाण्याने तुटून त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं. लॅक्टिक आम्ल तर आपले स्नायूही बनवतात. शरीर दोन्हींचा निचरा करतं. त्यातलं ग्लायकोलिकचं प्रमाण निम्मं ठेवलं तर पॉलिमर एक-दोन महिन्यांत विरतो, कमी केलं तर जास्त टिकतो. पीसीएल या दुसऱ्या पॉलिमरला मात्र दोन वर्षंही लागतात. पॉलिमर जसा विरतो तसं आतलं औषध सुटतं, म्हणून वेळेचा लगाम इथेच असतो.

खरी अडचण वेगळीच: पृष्ठभागावरचं औषध पहिल्या काही तासांतच भसकन सुटतं. त्यावर मला सर्वांत आवडलेला उपाय म्हणजे सुईत सुई. गाभ्यात औषध, बाहेर पॉलिमरचं कवच.

वडिलांच्या जखमेसाठी मात्र अशा पट्टीची वाट बघू नका. पाय काळा पडला, वास आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी बेळगावला सर्जनकडे न्या.