दुष्काळ तर आधीपण होताच की, मग ह्यात क्लायमेट चेंज कुठंय? सोलापूरपुरतं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलीला नववीत प्रोजेक्ट दिलाय, हवामान बदलाची कारणं, परिणाम, उपाय, तेही सोलापूरची उदाहरणं घेऊन, आणि घरात आजोबा म्हणतात दुष्काळ काय आजचा आहे का, दामाजीपंतांच्या काळापासून आहे, ही सगळी नवीन थेरं. मी ठिबकच्या धंद्यात आहे, मोहोळ, माढा, उत्तर सोलापूर असा एरिया. शास्त्रज्ञ नाही, पण रोज रानात जाणं होतं आणि ह्या विषयावर वाचत असतो, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी आजोबांचं. ते अर्धे बरोबर आहेत बघा. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही निम्मा सप्टेंबरकडं डोळे लावून बसायला लावणारा. दुर्गादेवीचा दुष्काळ, दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची कोठारं उघडली ती कथा, १९७२, हे सगळं झालं तेव्हा कुणाकडं मोटारी आणि एसी नव्हते (७२ ला होते म्हणा, पण किती). त्यामुळं पोस्टरवर "दुष्काळ म्हणजे क्लायमेट चेंज" असं अजिबात लिहू नका. टँकर दिसला की क्लायमेट चेंज म्हणायचं ही आता पुढाऱ्यांची सोय झालीय, कारण त्यात कुणाला जाब विचारता येत नाही.

आपल्या पाणीटंचाईतला बराच वाटा आपला स्वतःचा आहे. उजनी धरणाची क्षमता ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यातलं ६३ च्या आसपास मृतसाठा, म्हणजे तळातलं, एरवी कालव्याला न मिळणारं पाणी, आणि जिल्ह्यात साखर कारखाने तीसच्या वर. पाण्याची तूट असलेल्या खोऱ्यात ऊस नको हे राज्याच्या सिंचनावरच्या चितळे आयोगानं १९९९ लाच सांगितलं होतं, ऐकलं कुणी? मी स्वतः उसाला ठिबक विकतो, त्यामुळं ह्यावर मी फार आवाज चढवत नाही, पण खरं ते खरं.

आता आजोबांची दुसरी बाजू, जी चुकतीय. पाऊस कमी-जास्त होणं जुनं आहे, तो पडायची पद्धत बदललीय. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या सिस्टीमनं एका दिवसात झोडपलं, पंढरपुरात भीमेचं पाणी घुसलं. २०२३ ला एल निनो (प्रशांत महासागर तापतो आणि आपला मान्सून बहुतेकदा कमी पडतो, ते), उजनी साठ टक्क्यांच्या आसपासच भरली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उणे साठ टक्क्यांपर्यंत, म्हणजे पार मृतसाठ्यात, खाली गेली. त्याच पावसाळ्यात परत भरली. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला असा पूर आला की लांबोटीजवळ पुणे हायवे बंद ठेवावा लागला. सीना म्हणजे जिच्यात एरवी आम्ही पँट पण वर न करता पलीकडं जातो ती नदी! पूर ओसरल्यावर काठानं गेलो तर ठिबकच्या नळ्यांचे गुंताडे बाभळींच्या शेंड्याला लटकलेले, आणि रानातली वरची काळी माती खरवडून गेलेली, खाली नुसता मुरूम. नळ्या परत घेता येतात ओ, पण माती कुठून आणायची?

हा एक पूर क्लायमेट चेंजमुळंच आला असं मी म्हणणार नाही, एका घटनेवरून तसं म्हणता पण येत नाही. पण गणित साधं आहे, हवा एक डिग्रीनं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे बाष्प गोळा होत राहतं, मधले कितीतरी दिवस कोरडे जातात, आणि पडतो तेव्हा ढगफुटीसारखा पडतो. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ ची आकडेवारी तपासली, तर गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झालेल्या निघाल्या, आणि गंमत म्हणजे मान्सूनचा एकूण पाऊस त्याच काळात वाढला नव्हता, उलट कमी झाला होता. हे वाक्य आजोबांना दोनदा वाचून दाखवा.

ह्याचा शेतीवर काय परिणाम ते प्रोजेक्टमध्ये नीट घ्या, कारण इंटरनेटवरनं उतरवणारी पोरं सगळी ध्रुवीय अस्वलावर लिहिणार. आपली मालदांडी ज्वारी घ्या. ही खरीपाची नाही, रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस झाला, रान वाफशावर (चिखल नाही, कोरडं नाही, पेरणीजोगी ओल) आलं की पेरायची, नंतर एक पाऊस नाही पडला तरी काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर ती उभी राहते, जानेवारीत हुरडा, पुढं भाकरी आणि जनावराला कडबा. शतकानुशतकं जमवलेलं टायमिंग आहे ते. आता हस्त नक्षत्रात (सप्टेंबरअखेर-ऑक्टोबर) धो धो पडलं तर वाफसाच येत नाही, पेरणीची पाभर रानात घालता येत नाही, पेरणी दिवाळीपर्यंत लांबते आणि दाणा भरायच्या वेळेला ऊन तापायला लागतं. पाऊस भरपूर, ज्वारी कमी. बाहेरच्या माणसाला हे पटतच नाही.

डाळिंबाचं पण तसंच. हस्त बहार, म्हणजे त्याच सुमाराची फुलं, धरायचा तर आधी बागेला ताण द्यावा लागतो, पाणी तोडून. पण वरूनच पाऊस चालू असला की ताण बसणार कसा? ताण नाही तर फूल नीट निघत नाही, आणि मृग बहाराची (जूनच्या सुमाराची) फळं झाडावर असतील तर दमट हवेत तेल्या रोग येतो. द्राक्षवाल्यांची ऑक्टोबर छाटणी आणि अवकाळी, त्यावर मी लिहायला बसलो तर सकाळ होईल.

शहरातला परिणाम म्हणजे उष्णता. एप्रिल-मे मध्ये ४३-४४ आपल्याला नवीन नाही, दिवसाचं सोलापूरकर सहन करतो, त्रास रात्रीचा आहे. सिमेंट आणि पत्रा रात्री उशिरापर्यंत गरम राहतो, अंगाला आराम मिळत नाही. पूर्व भागात पत्र्याच्या खोलीत विडी वळणाऱ्या बायका बघा, फॅन जोरात लावला तर तंबाखू उडते आणि भिजवलेली पानं वाळतात, म्हणून त्या उकाड्यात तशाच बसतात. एसी वाल्यांना क्लायमेट चेंज बातम्यांत दिसतो, ह्यांना मांडीवरच्या सुपात.

कारणं फटकन सांगतो, ती पुस्तकात आहेतच. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून कार्बन डायऑक्साइड, औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेत २८० पीपीएम (दहा लाख भागांत २८०) होता, आता ४२० च्या वर. तो जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि एकदा वर गेला की शेकडो वर्षं राहतो. भात आणि जनावरांमुळं मिथेन. युरियामुळं नायट्रस ऑक्साइड, जो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २७० पट तापवतो, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीनं नक्की लिहावं, कारण स्वस्त आहे म्हणून आपण पोत्यानं फेकतो आणि पीक त्यातला निम्मा पण घेत नाही. ओझोनचं भोक ह्यात घुसडू नका, तो वेगळा विषय आहे, दर वर्षी कुणीतरी घुसडतंच. सोलापूरचं उदाहरण पाहिजे तर फताटेवाडीचा एनटीपीसीचा वीज प्रकल्प, १३२० मेगावॅट, कोळशावर, आणि पाणी उजनीचं. पण त्याला व्हिलन करू नका, आपण बटण दाबतो म्हणून तो चालतो, आणि माणशी उत्सर्जन काढलं तर भारतीय माणूस वर्षाला दोन टन, अमेरिकन चौदाच्या आसपास. हा हिशोब मुलीला कळला पाहिजे.

उपाय. इथं सगळे "झाडे लावा" लिहून मोकळे होतात. सोलापुरात हे जपून. आपलं माळरान मोकळं दिसतं म्हणून तिथं खड्डे मारून ग्लिरिसिडिया लावायचं खूळ मधे होतं, पण माळरान पडीक नाही ओ, ते गवताचं जंगल आहे. नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे, काळवीट, लांडगे त्याच गवतावर आहेत, आणि गवत मुळांमधून जमिनीत कार्बन साठवतं. झाडं लावायची तर बांधावर, ओढ्याच्या कडेला, शाळेत, रस्त्याला लावा. कडुनिंब, चिंच, वड. माळावर नको.

ठिबकबद्दल माझ्या धंद्याला न शोभणारी गोष्ट सांगतो. ठिबकनं पाणी वाचतं, शंभर टक्के. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी अजून एकरभर ऊस लावतो, मग धरणातलं तेवढंच जातं. दोष त्याचा नाही, उसाला एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) आहे, कारखाना तोडून नेतो, ज्वारीला कोण विचारतंय? ज्वारी-तूर-हरभऱ्याला तसा हमखास उठाव मिळेपर्यंत नुसत्या नळ्या पसरून काही होणार नाही. सौरपंपाचं पण असंच, पंपाला लाईट रात्रीची म्हणून साप-विंचवात रानात जाणं थांबलं हे फार मोठं काम झालं, पण बिल नाही म्हणून दिवसभर बोअर उपसला तर खालचं पाणी संपणार.

घरच्या पातळीवर दोन गोष्टी खरंच पैसा वसूल आहेत. स्लॅबला नाहीतर पत्र्याला उन्हाळ्याआधी पांढरा चुना किंवा कूल रूफचा पेंट, खोलीत दोन-चार डिग्री फरक पडतो, खर्च किरकोळ. आणि छतावर सोलर, सोलापूरचं ऊन एक किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट देतं, तीन किलोवॅटला केंद्राची ७८ हजार सबसिडी आहे. एका युनिटमागं देशाच्या ग्रिडचा सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर मुलीला तुमच्या लाईट बिलावरूनच वर्षाचा हिशोब मांडता येईल. उसाचं पाचट (तोडणीनंतरचा वाळका पाला) पेटवू नका, सरीत कुट्टी करून टाका, हे सांगून माझा घसा बसला.

प्रोजेक्टसाठी एक करा. महारेन ह्या राज्य सरकारच्या पावसाच्या साइटवर महसूल मंडळनिहाय (तालुक्यातले गावांचे गट) रोजचा पाऊस मिळतो. तुमचं मंडळ घ्या, जेवढी वर्षं मिळतील तेवढी घ्या, आणि एकूण मिलिमीटरचा ग्राफ काढून थांबू नका. प्रत्येक वर्षी अडीच मिमीच्या वर पाऊस झालेले दिवस किती आणि ६५ च्या वर, म्हणजे सरकारी भाषेत अतिवृष्टीचे, किती, हे दोन रकाने मांडा. पाचसहा वर्षांवरून निष्कर्ष काढू नका, जेवढं दिसतंय तेवढंच लिहा. मोजायला आजोबांना बसवा शेजारी. एक्सेल जमत नसेल तर आकडे इथं टाका, मी रविवारी करून देतो.