बाग ट्रस्टमध्ये टाकण्याआधी सात-बारा नीट वाचा

प्रश्न : मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार, वय 71. एकूण 14 एकर बाग. त्यातली 9 एकर वडिलांकडून आलेली. ते 1979 साली वारले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. उरलेली 5 एकर मी 1994 मध्ये खरेदीखतानं घेतली. थोरल्या मुलाबरोबर भागीदारीत पल्पचा कारखाना आहे, त्याच्या कर्जाला मी जामीन आहे. धाकटा दुबईत नोकरीला, मुलगी लग्न होऊन पुण्यात. मुंबईच्या एका सल्लागारानं सुचवलं की सगळी मिळकत फॅमिली ट्रस्टमध्ये टाका, मोठी घराणी असंच करतात, मग बँकही हात लावणार नाही आणि वाटणीचा प्रश्नही उरणार नाही. थोरला म्हणतो, बहिणीकडून हक्कसोडपत्र घेऊन टाकू. माझी इच्छा एवढीच की पुढच्या पिढ्यांनी बाग विकू नये. काय करावं?

उत्तर : सप्रेम नमस्कार. ट्रस्टचं नंतर बोलू. तुम्ही पाठवलेल्या सात-बाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात तुमच्या दोन बहिणींची नावं आहेत. पत्रात मात्र त्यांचा उल्लेख नाही. तुमच्या प्रश्नाची गाठ तिथे आहे.

कोकणात वारस नोंद करताना मुलगे कब्जेदार सदरी (जमीन ज्यांच्या ताब्यात, त्यांच्या रकान्यात) आणि मुली इतर हक्कात, असं सर्रास होत आलं. त्यामुळे इतर हक्कातल्या बहिणीचं फक्त नाव असतं, हिस्सा नसतो, अशी समजूत रुजली. ती चुकीची आहे. फेरफार ही महसूल वसुलीसाठी केलेली नोंद आहे, तिनं मालकी मिळत नाही आणि जातही नाही. वडील वारले तेव्हा 1956 चा हिंदू वारसा कायदा लागू होता आणि त्यात मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस होती. जमीन वडिलांच्या स्वतंत्र मालकीची असेल, तर तुम्ही, दोन बहिणी आणि तेव्हा हयात असल्यास आई यांचे समान हिस्से झाले. आजोबा-पणजोबांपासूनची एकत्र कुटुंबाची असेल, तर पूर्वी वडिलांच्या वाट्याला आलेल्या भागापुरताच बहिणींचा हिस्सा धरला जाई, पण तिची वाटणी झालेली नसेल, तर 2005 च्या दुरुस्तीनंतर बहिणीही तुमच्या बरोबरीच्या सहहिस्सेदार ठरतात. कुठल्याही हिशेबानं त्यांचा हिस्सा शून्य होत नाही. जी जमीन पूर्णपणे तुमची नाही ती तुम्ही ट्रस्टला देऊ शकत नाही, बक्षीस देऊ शकत नाही आणि मृत्युपत्रानंही फक्त आपला हिस्सा देता येतो.

म्हणून पहिलं काम : तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार काढा आणि ही 9 एकर वडिलांच्या नावे कशी आली ते पाहा. ती त्यांना कूळ म्हणून मिळाली असेल तर 32-म चं, म्हणजे कुळानं जमीन विकत घेतल्याचं, प्रमाणपत्र शोधा, कारण अशा जमिनीच्या हस्तांतरावर कूळकायद्याच्या कलम 43 च्या अटी असतात.

मुलीचा हक्कही याच कागदांवर ठरेल. वडिलांची स्वतंत्र मिळकत वारसा कायद्याच्या कलम 8 नुसार मुलाला मिळाली, तर ती त्याची वैयक्तिक होते, त्याच्या मुलांना तीत जन्मानं हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1986 मध्ये चंदर सेन प्रकरणात सांगितलं आहे. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जित, असं ते धरून चालतात. पण जमीन खरोखर एकत्र कुटुंबाची असेल, तर 2005 च्या दुरुस्तीनंतर तुमची मुलगी तुमच्या मुलांइतकीच जन्मानं सहहिस्सेदार आहे. विनीता शर्मा प्रकरणातल्या 2020 च्या निकालानं त्यावरची उरलीसुरली शंकाही मिटवली.

आता हक्कसोडपत्र. तुम्ही 1994 मध्ये घेतलेली 5 एकर तुमची स्वतःची असेल, तर तुमच्या हयातीत मुलीचा तीत हक्कच नाही, फक्त पुढेमागे वारस होण्याची शक्यता आहे. अशी शक्यता हस्तांतरित करता येत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 6 सांगतं. म्हणजे या जमिनीपुरता तो कागद निरुपयोगी. मात्र खरेदीचे पैसे कुठून आले याचा पुरावा जपा. ते 9 एकरांच्या उत्पन्नातून आले असतील, तर ही 5 एकरही एकत्र कुटुंबाचीच, असा दावा उद्या कुणीही करू शकतो. वडिलोपार्जित भागाचं हक्कसोडपत्र होऊ शकतं, पण ते नोंदणीकृत हवं आणि तिनं समजून-उमजून, राजीखुशीनं दिलेलं हवं. माहेरपणाला आलेल्या मुलीला घाईनं दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन घेतलेली सही पुढे दहा वर्षं कोर्टात बसवते. तसं करू नका. तिच्याशी आधी बोला.

बँकेबाबतचा सल्ला तर थेट धोक्याचा आहे. धनको बुडवण्याच्या किंवा त्यांना खोळंबून ठेवण्याच्या हेतूनं केलेलं हस्तांतर त्यांच्या मागणीवरून रद्द होऊ शकतं, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 53 म्हणतं. तुम्ही जामीन आहात. बँकेला दिलेल्या मालमत्तेच्या विवरणात बाग दाखवली असेल, तर कर्ज चालू असताना ती ट्रस्टला देणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. शेतजमिनीवरच्या तारणाला सरफेसी कायदा (बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा) लागू नाही हे खरं, तरी बँकेला वसुलीचे बाकीचे मार्ग मोकळे राहतात. योग्य वाट अशी : भागीदारीचं एलएलपीत (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत) रूपांतर करा, म्हणजे पुढच्या देण्यांची जबाबदारी मर्यादित होईल. जुना जामीन तेवढ्यानं सुटत नाही. म्हणून कर्ज फिटत जाईल तसा जामीन कमी करून द्या, अशी बँकेकडे लेखी मागणी करा. आणि 5 एकर कशासाठीही तारण ठेवू नका.

मोठ्या घराण्यांबद्दल दोन शब्द. टाटा सन्सचे सुमारे 66 टक्के भाग ट्रस्टांकडे आहेत, पण ते धर्मादाय ट्रस्ट आहेत. ती संपत्ती घराण्यानं कायमची देऊन टाकली, मुलाबाळांसाठी राखून ठेवली नाही. धीरूभाई अंबानी 2002 मध्ये मृत्युपत्राविना गेले आणि दोन भावांतली वाटणी 2005 मध्ये आईच्या मध्यस्थीनं झाली. परदेशातले श्रीमंत ट्रस्ट करतात ते बऱ्याच अंशी वारसा कर वाचवण्यासाठी. आपल्याकडचा तसा कर, इस्टेट ड्यूटी, 1985 मध्येच रद्द झाला. उलट तुमच्यासारख्याला ट्रस्टचा भार पडेल. स्थावर मिळकतीचा ट्रस्ट नोंदवावा लागतो, त्यावर मुद्रांक शुल्क येतं आणि कुणाला किती उत्पन्न हे ठरवलेलं नसेल तर शेतीबाहेरच्या उत्पन्नावर बहुधा कमाल दरानं आयकर. शिवाय शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जायला कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, त्यामुळे व्यावसायिक ट्रस्टी कंपनीच्या नावे बाग करणं अवघड.

"पिढ्यान्‌पिढ्या विकू नये" ही अट कायदा मानत नाही. मिळकत देऊन ती विकण्यावर संपूर्ण बंदी घालता येत नाही. पण तुमच्या इच्छेच्या जवळ जाणारी एक सोय कायद्यातच आहे. वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे एका वारसानं आपला हिस्सा विकायला काढला, तर बाकीच्या वारसांना तो घेण्याचा पहिला हक्क असतो. शेतजमिनीलाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलं. कौटुंबिक व्यवस्थापत्रात हीच अट स्पष्ट लिहून घ्या : आधी भावंडांना विचारायचं, भाव कसा ठरवायचा, किती महिने थांबायचं. बाग हातची जाऊ नये म्हणून यापेक्षा उपयोगी दुसरं काही मला दिसत नाही.

गणपतीला सगळे गावी येतात. तेव्हा बहिणी, मुलगे, मुलगी यांना एकत्र बसवा. बहिणींना पैसे हवेत की जमीन, ते त्यांनाच विचारा. मुलीला बागेऐवजी ठेवी किंवा म्युच्युअल फंड चालणार असतील तर तसं ठरवा. ठरलेलं नोंदणीकृत वाटपपत्रात आणा. पूर्वी झालेल्या तोंडी वाटणीची आठवण म्हणून लिहिलेल्या कागदाला नोंदणी लागत नाही, पण ज्या कागदानंच हक्क निर्माण होतात तो नोंदवावाच लागतो.

त्यानंतर मृत्युपत्र. धाकट्याला बक्षीसपत्र करू नका, कारण अनिवासी भारतीयाला शेतजमीन बक्षीस म्हणून घेता येत नाही, वारशानं मात्र मिळते. थोरल्याला बाग आत्ताच बक्षीस द्यायची असेल तर 200 रुपयांच्या मुद्रांक शुल्काचा मोह पडेल, शिवाय स्थानिक उपकर लागतो तो वेगळा. पण 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 चं संरक्षण मिळावं म्हणून तुम्हा पती-पत्नीला सांभाळण्याची अट त्या दस्तातच लिहा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. ज्यांना त्यातून काहीही मिळणार नाही असे दोन साक्षीदार घ्या, एक डॉक्टर असला तर उत्तम. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. ठेवींवर थोरल्याचं नामनिर्देशन आहे म्हणून त्या त्याच्या होत नाहीत. मूळचे मालवणचे, 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबत हेच स्पष्ट केलं.

एक गोष्ट मला खटकली, ती सांगतो. पत्रात मुलांचं, बँकेचं, पुढच्या पिढ्यांचं आहे, पण तुमच्या पत्नीबद्दल एक अक्षर नाही. तुमच्यामागे त्या कुठे राहतील, औषधपाण्याला कुणापुढे हात पसरतील? घरात राहण्याचा त्यांचा हक्क आणि दरवर्षीच्या आंबा उत्पन्नातला ठरावीक भाग मृत्युपत्रात सर्वांत आधी लिहा. ठेवींचा छोटा ट्रस्ट करायचाच असेल तर तो त्यांच्यासाठी, मृत्युपत्रातूनच करा. त्यांना हयातीपुरता हक्क द्यायचा की पूर्ण मालकी, हे वकिलाकडून नेमक्या शब्दांत लिहून घ्या, कारण वारसा कायद्याच्या कलम 14 मुळे हयातीपुरता हक्कही काही वेळा पूर्ण मालकीचा ठरतो.

जुने फेरफार, 1994 चं खरेदीखत आणि बँकेचं मंजुरीपत्र हाती येईपर्यंत त्या सल्लागाराच्या कुठल्याही मसुद्यावर सही करू नका.