स्टीमच्या खात्याचा देश बदलण्याआधी

भाऊ, तुझा प्रश्न असा: दारव्ह्याजवळच्या गावातून जर्मनीला शिकायला येतोयस, स्टीमच्या, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या, वॉलेटमध्ये 1,800 रुपये आहेत, धाकटा भाऊ तुझ्याच लायब्ररीतले गेम खेळतो, आणि इथं आल्यावरही बाबांच्या यूपीआयनं रुपयांतच खरेदी चालू ठेवता येईल का?

नको करूस तसं. खात्याचा देश म्हणजे तू राहतोस तो देश, असा स्टीमचा नियम आहे. देश लपवून घेत राहिलास तर खात्यावर बंधनं येऊ शकतात, आणि त्यात तुझी इतक्या वर्षांची खरेदी आहे. इथल्या बँकेचं कार्ड हाती आलं की सरळ देश बदल; मग तीन महिने पुन्हा बदलता येत नाही. वॉलेटातले रुपये बुडत नाहीत, त्यांचे युरो होतात. पण 1,800 चे होऊन होऊन वीसेक युरो! नवा मोठा गेम इथं सहज 70 युरोला जातो. युरोला नव्वद रुपये धरले तरी 6,300 रुपये, आणि 2024-25 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. पहिल्या वर्षी प्रत्येक गेमसमोर मला घरचा कापूसच दिसायचा.

म्हणून हवं ते निघायच्या आधी घेऊन ठेव. गावच्या मोबाइल डेटावर शंभर जीबी उतरवत बसू नकोस. खरेदी तिकडं, डाउनलोड इथं. घेतलेले गेम देश बदलल्यावरही खात्यात राहतात. शिवाय वयाचं रेटिंग नसलेले गेम नोव्हेंबर 2024 पासून जर्मनीच्या स्टीमवर विकायलाच दिसत नाहीत, त्यामुळे छोट्या स्टुडिओंचे आवडते गेम आधी बघ. एक्सबॉक्सवर शिल्लक असेल तर तीही संपव, ती देश बदलताना सोबत येत नाही.

आता धाकट्याचं. स्टीम फॅमिली, म्हणजे एकमेकांच्या लायब्ररीतले गेम खेळायची सोय, एकाच देशातल्या, एकाच घरातल्या लोकांसाठी आहे. तू इथला झालास की त्याला तुझी लायब्ररी मिळणार नाही. मी निघताना हे माझ्या भावाला सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी फोन आला, "दादा, गेम काऊन उघडत नाही?" फार वाईट वाटलं रे. तू त्याला आजच सांग. तो रोज खेळतो तो गेम त्याच्या स्वतःच्या खात्यावर भेट दे. दोघंही भारतात असेपर्यंत अडचण नाही. नंतर दोन देशांतल्या किमतीत मोठा फरक असला की भेट अडू शकते. ते 1,800 त्यातच घाल.