उत्तर : नववीला इंग्रजी वाचता येत नाही, आणि वर पोर्शनची घाई

"नववीची मुलं वाचायला उभी केली की गप्प उभी राहतात, आणि मुख्याध्यापक म्हणतात पोर्शन संपवा." तुमचं हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं, त्यावरून लिहितोय. शहरातल्या सेमीच्या वर्गाला कितपत लागू पडेल ते तुम्ही बघा.

व्याकरण वगैरे तुम्हाला येतंच. आधी मुलांची पुस्तकं उघडून बघा. ओळींच्या वर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहिलेले सापडतील. मूल ते वाचतं आणि आपण समजतो इंग्रजी वाचतंय. (लगेच खोडायला लावू नका, पोरं वाचायचीच बंद होतात.) राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी ही गत. कारण दहावीला भागतं. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते अख्खं वाक्य उतरवायचं, वर तोंडी-श्रवणाचे २० गुण शाळेच्याच हातात. पस्तीसची सोय होते.

मी आठवीला धडे थांबवून वाचन घेतलं होतं. फळ्यावर आय-जी-एच-टी कायम, त्याच्या आधीचं अक्षर तेवढं बदलायचं : लाइट, नाइट, फाइट, टाइट. जोडीला पाचवी-सहावीची जुनी पुस्तकं. मागच्या बाकावरची पोरंही तोंड उघडायला लागली होती, तेवढ्यात तपासणी आली. साहेबांनी एकाही मुलाला वाचायला लावलं नाही. वह्या मागवल्या, धडे मोजले, टाचणाशी (कोणत्या तासाला काय शिकवायचं त्याची शिक्षकाची नोंदवही) ताळा घातला आणि शेरा मारला : स्वाध्याय अपूर्ण. मग लेखी खुलासा, संस्थेला पत्र. कार्यालयात समजावायला गेलो तर उत्तर मिळालं, "वाचनाचा रकाना नाही हो आमच्या प्रपत्रात." पुढचं अख्खं सत्र गाईडातली उत्तरं फळ्यावर लिहिण्यात गेलं. वह्या सुरेख झाल्या, पुढचा शेरा 'समाधानकारक'. त्या तुकडीचं वाचन जे सुटलं ते सुटलंच. अजून संताप होतो.

म्हणून सांगतो, वाचन घ्याच, पण टाचणात धड्याच्या नावाखाली 'वाचनपूर्व तयारी' म्हणून नोंदवा. शब्द त्याच धड्यातले घ्या, तासाची पहिली दहा मिनिटं पुरतात. ओळीओळीचं मराठी भाषांतर टाळा, त्यानं गोष्ट कळते, इंग्रजी जागच्या जागी राहतं. सूचना मात्र खुशाल मराठीत द्या. इंग्रजीच्या तासाला मराठी बंद म्हणणाऱ्यांनी एकदा शेवटच्या बाकावर बसून बघावं. हे माझं मत, इथल्या बऱ्याच जणांना पटणार नाही.

तोंडी परीक्षा एका दिवसात उरकू नका. दर आठवड्याला थोडी थोडी मुलं घ्या आणि त्यांचं वाचन तारखेसकट मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. खुलासा मागितला तर दाखवायला काहीतरी असतं. पालकांना न विचारता ते ग्रुपवर मात्र टाकू नका.